मतदानाआधीचे, मतदानानंतरचे

अभिमानी : तुमचं म्हणणं असं, की आपल्याकडे कुठलंही युद्ध लोकांना नकोसं होऊच शकत नाही. वाहिन्या ते होऊ देत नाहीत आणि पुढारी वाहिन्यांच्या खांद्यावर बसून मतं मागत फिरतात. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला दिल्लीपर्यंत जायची गरज नाही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले. महाराष्ट्रातले त्यात दोघे, आणि दोघेही आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. एक मलकापूरचा, दुसरा लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. १६ तारखेला पार्थिवं आली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी माणसं उभी होती, त्यांना कुठल्या अँकरनं बोलावलं होतं? कामधंदा टाकून, दुकानं मिटवून, लेकरं खांद्यावर घेऊन माणसं आली. लोकमत म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? तुम्ही त्याला उन्माद म्हणून मोकळे होता. मी म्हणतो, गावानं आपलं माणूस ओळखलं.

शंकेखोर : त्या गर्दीला मी उन्माद म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. माझी शंका गर्दी पांगल्यावर सुरू होते. त्याच १६ फेब्रुवारीला पंतप्रधान महाराष्ट्रातच होते, पांढरकवड्याला आणि धुळ्याला. त्यांनी आदरांजली वाहिली, सुरक्षा दलांना मोकळीक दिल्याचं सांगितलं. त्यात वावगं काही नाही. पण ही माणसं गेली कशी? ताफ्यात ७८ गाड्या, अडीच हजारांवर जवान. बर्फामुळे काही दिवस बंद असलेला जम्मू-श्रीनगर रस्ता नुकताच उघडलेला. आणि त्या ताफ्याला स्फोटकांनी भरलेली गाडी येऊन धडकते. हा प्रश्न मलकापूरच्या माणसाला पडला नसेल असं तुम्हाला वाटतं? पडला होता. टपरीवर पडला, एसटीत पडला. व्यासपीठावर मात्र कुणाला पडला नाही.

आता दुसरी तारीख घ्या. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. तिकडे निघालेलं शीघ्र कृती दलाचं पथक एका खासगी गाडीतून जात होतं. जांभुरखेड्याजवळ भूसुरुंग फुटला. १५ पोलीस गेले, गाडीचा चालक गेला. त्या पंधरांतही दोघे आपल्याच जिल्ह्यातले, एक मेहकरकडचा, एक देऊळगाव राजा तालुक्यातला. म्हणजे अडीच महिन्यांत एका जिल्ह्यात चार शवपेट्या. पहिल्या दोन देशाला माहीत आहेत. नंतरच्या दोन तुमच्या-माझ्यासारख्या जिल्ह्यातल्याच माणसाला आठवाव्या लागतात. मधे काय झालं? १८ एप्रिलला बुलढाण्यात मतदान झालं, २९ एप्रिलला राज्यातला शेवटचा टप्पा आटोपला. पहिले दोघे मतदानाआधी गेले, दुसरे दोघे मतदानानंतर.

अभिमानी : हा सुतावरून स्वर्ग झाला, भाऊ. पहिली गोष्ट, गडचिरोलीच्या जवानांच्याही अंत्यविधीला लोक लोटले होते, सलामी होती, सगळा मान होता. मुख्यमंत्री दुसऱ्या दिवशी गडचिरोलीत होते. दुसरी गोष्ट, ४० आणि १५ यांत फरक आहे. तिसरी आणि खरी गोष्ट म्हणजे शत्रू. पुलवामात शत्रू सीमेपलीकडचा, त्याचं नाव घेताना कुणाचीच जीभ अडखळत नाही. गडचिरोलीत सुरुंग पेरणारा हा आपल्याच राज्यातल्या, नाहीतर शेजारच्या राज्यातल्या पाड्यावरचा पोरगा असतो. त्याच्याविरुद्ध घोषणा देताना माणूस मनातल्या मनात चाचपडतो, आणि तसं चाचपडणं चांगलंच आहे. लोकांनी गडचिरोलीवर बालाकोटसारखा हवाई हल्ला मागितला नाही, हा तुम्हाला विसर वाटतो. मला त्यात समंजसपणा दिसतो. निवडणूक आयोगानं ठरवलेल्या तारखांना तुम्ही भलताच अर्थ चिकटवताय.

शंकेखोर : शत्रूबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे, आणि माझ्या मते सगळी गाठ तिथेच आहे. फक्त त्याला समंजसपणा म्हणायला माझं मन धजत नाही. गडचिरोलीचं युद्ध १९८० च्या दशकापासून चालू होतं. चार दशकं चाललेल्या युद्धाच्या बाजूनं इथे कधी मोर्चा निघाला नाही, विरोधातही निघाला नाही. जो प्रश्न विचारील तो नक्षल्यांचा हस्तक ठरतो, आणि जो पाठिंबा देतो त्याला कुरखेडा नकाशात दाखवता येत नाही. लोकांना नकोसं असलेलं युद्ध म्हणजे व्हिएतनामच्या वेळचे अमेरिकेतले मोर्चे, असं आपल्या डोक्यात बसलंय. आपल्याकडे नकोशा युद्धाची रीत वेगळी आहे. आपण त्याच्याकडे पाठ फिरवतो. ते जवानाच्या घरचे आणि दोन-चार वार्ताहर यांच्यावर सोपवून देतो.

आणि हे गडचिरोलीपुरतंच नाही. श्रीलंका आठवा. १९८७ च्या जुलैमध्ये करार झाला, शांतिसेना गेली आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली. अकराशेहून अधिक जवान तिकडे गेले ते गेलेच. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. माणूस मुंबईत जन्मलेला, पलटण महार रेजिमेंटची, जिच्या उभारणीमागे बाबासाहेबांचा आग्रह होता. मराठी माणसाला आपलं म्हणायला यात काय कमी होतं? तरी १९८७ ते १९९० या काळातलं राजकारण विचारा, तुम्हाला बोफोर्स सांगतील. तोफेच्या दलालीवर देशाचं सरकार पडलं. शेजारच्या बेटावर पोरं मरत होती, त्यावर महाराष्ट्रातलं एक नगरपालिकेचं सरकारही पडलं नाही. तमिळनाडूत मात्र शांतिसेना परतली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला बंदरावर गेले नाहीत. तिथे ते युद्ध खरंच नकोसं होतं, कारण त्याला नकोसं म्हणण्यात तिथल्या पुढाऱ्याचा फायदा होता. मी यातून एवढंच घेतो, की पुढाऱ्याचा लाभ असल्याशिवाय लोकांच्या नापसंतीला आवाज मिळत नाही. आणि पसंतीलाही मिळत नाही. जांभुरखेड्याचं दुःख १ मेला कुणाच्या कामाचं उरलं नव्हतं.

अभिमानी : ठीक. आता तुमच्याच फुटपट्टीनं मोजू. शवपेट्यांवर मतं मिळतात असं तुमचं गृहीतक आहे ना? बुलढाण्याचे आकडे काढा. २०१४ साली, पुलवामाच्या पाच वर्षं आधी, प्रतापराव जाधव इथून दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. २०१९ साली, जिल्ह्यातले दोन जवान गेल्यावर दोन महिन्यांनी, तेच जाधव राजेंद्र शिंगणे यांच्याविरुद्ध जिंकले ते सव्वा लाखाच्या वर. म्हणजे मताधिक्य घटलं! वंचित बहुजन आघाडीचा उमेदवार पावणेदोन लाखांच्या आसपास मतं घेऊन गेला ते वेगळं. आणि २०२४ मध्ये? जाधवांचं मताधिक्य ३० हजारांच्या आत आलं, आणि अपक्ष रविकांत तुपकरांना जवळपास अडीच लाख मतं पडली. कशावर? सोयाबीन आणि कापसावर. अजून मागं जायचं तर १९९९ घ्या. कारगिलनंतर दोन महिन्यांत राज्यानं लोकसभा आणि विधानसभेसाठी एकाच वेळी मतदान केलं. लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा शिवसेना-भाजप युतीला दिल्या आणि त्याच झटक्यात मुंबईतली युतीची सत्ता घालवली. एकाच मतदान केंद्रात उभं राहून माणसानं दोन वेगळे हिशेब केले. आपला मतदार दुःखाला दुःख आणि भावाला भाव समजतो. वाहिन्यांनी त्याची मती गुंग केली असं तुम्ही म्हणता तेव्हा तुम्ही वाहिन्यांना फार मोठं करता आणि त्याला फार लहान.

(इथे दोघांनी २०१४ आणि २०१९ मधली मतविभागणी, आघाड्या आणि जातींची गणितं यांवर बराच वाद घातला. ते सगळं देत नाही. निवडणुकीचा निकाल कशानं लागला हे नेमकं सांगता येतं असं मला वाटत नाही, आणि शेवटी त्या दोघांनाही वाटेना.)

शंकेखोर : मताधिक्याचा मुद्दा मी सोडून देतो. जवानांच्या मरणानं इथली जागा फिरली असं मी म्हणणार नाही. पण मग माझा प्रश्न आणखी अवघड होतो. मतं मिळतच नसतील, तर ९ एप्रिल २०१९ ला पंतप्रधानांच्या औशाच्या सभेत पहिल्यांदा मतदान करणाऱ्या पोरांना, तुमचं पहिलं मत बालाकोटच्या वीरांना, पुलवामाच्या शहिदांना अर्पण करता येईल का, असं कशासाठी विचारलं गेलं? निवडणूक आयोगानं तर आदल्याच महिन्यात पक्षांना बजावलं होतं की सैन्याला प्रचारात ओढू नका. तक्रार झाली. आयोगानं आचारसंहितेचा भंग झाला नाही असा निर्वाळा दिला, तो नेमका १ मेला. त्या दिवशी तिकडे जांभुरखेड्यात काय चाललं होतं ते आपण बोललोच. आयुक्त अशोक लवासा यांचं मत वेगळं होतं, पण ते जाहीर झालं नाही.

मला वाटतं, असल्या भाषणांचं काम मतं ओढणं हे नसतं. त्यांचं काम जागा अडवणं हे असतं. राज्य सरकारनं ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले होते, आपल्या जिल्ह्यातलेही त्यात होते. एप्रिलमध्ये इथे टँकरवर बोलायला हवं होतं. खारपाणपट्ट्यातल्या गावांच्या पाण्यावर, पीकविम्यावर, आणि हो, राखीव पोलीस दलाचा ताफा रस्त्यानं का गेला यावरही. मतदार दोन हिशेब वेगळे करतो हे तुमचं खरं. पण त्यातल्या एका हिशेबाचे कागद त्याच्यापुढे आलेच नाहीत, तर तो वेगळं काय करणार?

अभिमानी : कागद आले नाहीत म्हणता, मग राष्ट्रीय तपास यंत्रणेचं आरोपपत्र काय होतं? ऑगस्ट २०२० मध्ये १९ जणांवर दाखल झालं, तेरा हजारांहून जास्त पानांचं. गाडी कुणी घेतली, स्फोटकं कुणी जमवली, पाकिस्तानातून सूत्रं कुणी हलवली, सगळं त्यात आहे.

शंकेखोर : त्यात शत्रूनं काय केलं ते आहे. आपण काय केलं नाही, ते नाही. त्यासाठी वेगळा कागद लागतो, आणि तो आपल्याच देशात एकदा निघाला होता. कारगिलची लढाई २६ जुलै १९९९ ला संपली आणि २९ जुलैला वाजपेयी सरकारनं के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली पुनरावलोकन समिती नेमली. तीन दिवसांत! तेही काळजीवाहू सरकार असताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात निवडणूक असताना. अहवालातला काही भाग झाकून बाकीचा फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत ठेवला. गुप्तवार्तेत कुठे कमी पडलो ते सरकारी कागदावर आलं. त्यानं सैन्याचं मनोबल खचलं का? पुलवामाबद्दल असं काही झालं नाही. जम्मू-काश्मीरचे तेव्हाचे राज्यपाल सत्यपाल मलिक २०२३ च्या एप्रिलमध्ये मुलाखतीत म्हणाले, की जवानांसाठी विमानं मागितली होती, ती दिली गेली नाहीत. खरं की खोटं, मला ठाऊक नाही. चौकशीचा कागद लोकांसमोर नसला की असं होतं. चार वर्षांनी एखादा माजी राज्यपाल काहीतरी बोलतो, आणि कोण कुठल्या पक्षाचा आहे त्यावरून आपण विश्वास ठेवतो किंवा ठेवत नाही.

अभिमानी : आता तुम्ही वाहिन्या सोडून सरकारवर आलात. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? मग मीही उघड बोलतो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी फक्त सत्ताधारीच खातात का? २०१९ मध्ये राज ठाकरे एकही उमेदवार उभा न करता राज्यभर सभा घेत फिरले, पडद्यावर चित्रफिती लावून बालाकोटवर शंका काढत होते. टाळ्या त्यांनाही पडत होत्या. ते काय होतं? आणि आपल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर, सैलानी दर्ग्याच्या गावचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर गेला, कर्तव्यावर असताना मृत्यू आलेला देशातला पहिला अग्निवीर. त्याची चिता विझायच्या आत राहुल गांधींनी घरच्यांना ना निवृत्तिवेतन ना ग्रॅच्युइटी असं लिहिलं आणि दोन्ही बाजू तुटून पडल्या. त्या घरानं कुणाला बोलावलं होतं? पुढे २०२४ मध्ये अग्निवीरांवरून संसदेत वाद झाला तर वाहिन्यांचे माईक पुन्हा त्याच्या बापापुढे, किती मिळाले, कधी मिळाले, कुणी दिले. पोरगा गेलेल्या माणसाला जगापुढे पावती दाखवायला लावली. हे प्रश्न विचारणाऱ्यांनीच केलं, भाऊ, घोषणा देणाऱ्यांनी नाही.

शंकेखोर : याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. त्या माणसावर जी वेळ आली ती यायला नको होती, आणि ती आणण्यात माझ्या बाजूचे लोक होते. फक्त दुसरं टोकही बघा. आरडाओरडा झाला म्हणून लष्करानं लगेच बाबवार रकमा जाहीर केल्या : ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, चार वर्षांपैकी उरलेल्या काळाचा पगार, सेवानिधी. त्या दिवशी देशातल्या प्रत्येक अग्निवीराच्या घराला कळलं की आपल्याला काय मिळणार आणि काय मिळणार नाही. निवृत्तिवेतन त्यात नव्हतं, हेही कळलं. आपल्या जिल्ह्यात पहाटे साडेचारला रस्त्यारस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. कोरडवाहू तीन एकरांत दोन भावांचं भागत नाही म्हणून ती धावतात. त्यांच्यासाठी ती माहिती एखाद्या अग्रलेखाहून मोलाची होती.

आता याच मापानं पुलवामाकडे पाहा. गेलेले जवान सैन्याचे नव्हते, केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. १ जानेवारी २००४ पासून या दलात भरती होणाऱ्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही, सैन्याला आहे. औशात त्यांच्या नावानं मतं मागणाऱ्यानं यावर एक वाक्य बोलायला काय हरकत होती? दिल्ली उच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये या दलांना जुनं निवृत्तिवेतन द्या म्हटलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, स्थगिती मिळाली. ही बातमी मेहकर-लोणारच्या अंकात कितव्या पानावर आली असेल?

अभिमानी : आली असेल तर आत, आणि नसेल तर ती वार्ताहराची चूक नाही. तुम्ही माध्यमं म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे मुंबई-नोएडाचे स्टुडिओ असतात. माझ्यापुढे तालुक्याचा वार्ताहर असतो. मलकापूरला, लोणारला, मेहकरला पार्थिवाच्या आधी पोचणारा तोच. घरात जाऊन फोटो मागायचा कसा, आईला माहीत आहे की अजून सांगायचंय, हे त्यालाच कळतं. त्यानं त्या दिवसांत जे लिहिलं ते जपून लिहिलं.

शंकेखोर : त्याच्याबद्दल मला आदरच आहे, म्हणून तर त्याच्या पोटाचाही विचार करतो. यांतल्या बहुतेकांना पगार नसतो, जाहिरातीवर टक्केवारी असते. जवान गेला की आठवड्याभरात अंकात पानभर आदरांजल्या येतात : आमदार, सभापती, बाजार समिती, पतसंस्था, भावी नगरसेवक. मधे जवानाचा फोटो, भोवती मोठ्ठे सात फोटो. त्या पानावर वार्ताहराचं महिन्याचं भागतं. ज्यांनी जाहिराती दिल्या त्यांनाच त्यानं जाऊन विचारायचं का, की शासनानं जाहीर केलेली मदत पोचली का, स्मारकाच्या जागेचं काय झालं, खासगी गाडीतून पथक का पाठवलं? तो विचारत नाही म्हणून मी त्याला दोष देणार नाही. पण युद्धाच्या बातमीचा खर्च इथे शोकाच्या जाहिरातीतून निघतो, हे नजरेआड करून लोकमतावर बोलता येणार नाही. नोएडातला अँकर ओरडतो ते सगळ्यांना दिसतं. हे दिसत नाही, कारण यात ओरडणं नाही. हात जोडलेले असतात.

अभिमानी : हे मी आजवर अशा अंगानं पाहिलं नव्हतं, एवढं म्हणतो. पण तुम्ही सगळे प्रश्न एका पोत्यात भरताय. काही प्रश्न खरोखर थांबले पाहिजेत. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत वाहिन्यांनी ताज आणि ट्रायडंटसमोरून थेट प्रक्षेपण केलं, आणि कराचीत बसलेले सूत्रधार ते बघून आत फोनवर सूचना देत होते. कसाबच्या निकालात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यावर वाहिन्यांना झापलं. आपल्याच राज्यातली गोष्ट आहे ही. युद्धात बोलण्यावर मर्यादा हवी म्हणणारा प्रत्येक माणूस सरकारचा भाट नसतो.

शंकेखोर : कमांडो कुठल्या मजल्यावर उतरले हे दाखवू नका, इथवर मी तुमच्याबरोबर आहे. पण ती मर्यादा फार चतुराईनं सरकते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सरकारनं थेट प्रक्षेपण करू नका म्हणून आधीच बजावलं होतं. वाहिन्यांनी काय केलं? ८ मेच्या रात्री काहींनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं, सायरन वाजवत. सकाळी बंदर जागच्या जागी. म्हणजे खऱ्या बातमीवर संयम आणि खोटीला रान मोकळं. सरकारनं हे करायला सांगितलं असं मी म्हणत नाही. सांगावं लागत नाही. प्रश्न विचारला तर कारवाईची भीती असते, थाप मारली तर उद्या कुणी हटकत नाही.

अभिमानी : आणि तरीही, तुमचं ते गडचिरोली. ज्या युद्धाकडे सगळ्यांनी पाठ फिरवली म्हणता, ते संपत आलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा म्होरक्या भूपती ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं टाकून उभा राहिला, तोही गडचिरोलीतच. ना मोर्चे, ना अँकर, ना तुमचे प्रश्न. पोलिसांनी गुपचूप, वर्षानुवर्षं काम केलं. कदाचित कॅमेरा नव्हता म्हणूनच जमलं. पुलवामानंतर जसा दबाव आला तसा जांभुरखेड्यानंतर आला असता, तर नक्षलवाद्यांच्या अबूझमाडच्या जंगलावर विमानं पाठवा म्हणणारे निघाले असते की नाही? लोकांचं दुर्लक्ष कधीकधी शांततेच्या कामाला येतं.

शंकेखोर : हा तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे आणि मला तो खोडता येत नाही. लक्ष गेलं की विमानं मागितली जातात, आणि लक्ष गेलं नाही की खासगी गाडीतून पथक पाठवलेलं खपून जातं. आपल्याला या दोन्हींच्या मधलं लक्ष द्यायला कुणी शिकवलं नाही. युद्ध संपत आलं म्हणता, तर त्याचा हिशेब कोण लिहिणार ते सांगा. गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोखंड निघू लागलंय, त्याचे आकडे व्यवस्थित छापून येतात. चाळीस वर्षांत गेलेले पोलीस, खबरे म्हणून मारलेले आदिवासी, चकमकीत गेलेली पोरं, यांचा ताळेबंद मागायला गेलं तर जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकाची आठवण करून देतात. त्यावर विधानसभेत मतदान झालं तेव्हा ठाम विरोध करणारा माकपचा एकटा आमदार होता. बाकी विरोधक होते कुठे?

अभिमानी : माझी अडचण तिथे नाही. हिशेब मागा, मी तुमच्याबरोबर येतो. मेहकरला येतो, चोरपांग्र्याला येतो. माझी अडचण वेळेची आहे. चितेसमोर उभं राहून ताफ्यात त्रुटी होती का असं विचारणाऱ्याचं तोंड मला बघवत नाही. बापाच्या समोर हे बोलायचं नसतं. तुम्ही खेड्यातले आहात, तुम्हाला हे सांगायला नको.

शंकेखोर : मी तरी चितेसमोर कुठे विचारा म्हणतो? पण चितेपाशी नको, दुसऱ्या दिवशी सभा आहे म्हणून नको, मग कारवाई चालू आहे म्हणून नको, मग निवडणूक आली म्हणून नको, निवडणूक झाली की विषय जुना. प्रत्येक कारण आपापल्या जागी बरोबरच असतं. सगळी जोडली की वर्षं निघून जातात. तुम्हीच एक दिवस ठरवून द्या, मी त्या दिवसापर्यंत गप्प बसतो.

अभिमानी : तेरावा होऊ द्यावा. आपली रीतच आहे. तेराव्यापर्यंत घर फक्त दुःखाचं, त्यानंतर जमीन, कर्ज, वाटणी, काय बोलायचं ते बोला.

शंकेखोर : मोजा मग. १४ फेब्रुवारी पहिला दिवस धरला तर तेरावा २६ तारखेला येतो. २६ फेब्रुवारीला पहाटे बालाकोट झालं.

अभिमानी : मग चौदावा.

शंकेखोर : चौदाव्या दिवशी आपले वैमानिक अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात होते. आणि १० मार्चला आचारसंहिता लागली.